काकांची युक्रेनमधली पेठ

एका शनिवारी सकाळी मी न बघताच 'जिंकलो!' असं ओरडलो. आम्ही जिंकलो नव्हतो. चूक एवढीच होती. ती माझ्या लक्षात आली तेव्हा दुरुस्त करायला माझ्या हातात पुरेसा वेळ होता आणि समोर फोन होता. मी तो उचलला नाही. नंतर त्या चुकीवर मी एक खोटं रचलं आणि ते सगळ्यांच्या इतकं सोयीचं निघालं की कुणी ते तपासलंच नाही. हे लिहायला बसलोय ते त्या चुकीबद्दल नाही. ज्यांच्या घरात ती घडली त्या काकांबद्दल आहे. पण त्यांच्याबद्दल काहीही चांगलं सांगायचं तर आधी हे सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं लिहायचा मला हक्क नाही.

काका माझे नातेवाईक नव्हते, घरमालक होते. मी नागपूरचा. कंपनीने व्हिसा काढून शिकागोजवळच्या ऑफिसात पाठवलं तेव्हा नेपरव्हिलमध्ये एका मराठी कुटुंबाचं बेसमेंट भाड्याने आहे असं कळलं. मी गेलो तो दिवस बर्फाचा होता. दार उघडलं ते सत्तरीकडे झुकलेल्या, रुंद खांद्यांच्या एका गृहस्थांनी. अंगात स्वेटर, खाली हाफ पँट, गुडघ्यापर्यंत ओढलेले खेळाडूंचे मोजे आणि पायात रबरी सपाता. बाहेर उणे तापमान होतं.

"फुटबॉल बघतोस काय?" मी बूट काढायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"नाही काका, क्रिकेट."

"म्हणजे दुसऱ्या कुठल्या टीमचा नाहीस. बरं झालं, कोरा आहेस." मग आत वळून मोठ्यानं, "अगं, ठेवून घेऊ ह्याला. बिघडलेला नाही अजून!"

आतून काकू म्हणाल्या, "पोराला आत तर घ्या. हीटिंगचं बिल तुमची टीम भरणार आहे का?"

काका कोल्हापूरचे. ज्यांना ते शहर ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ तालमींचा आणि पेठांचा आहे. माणूस ज्या पेठेत जन्मला त्या पेठेच्या तालमीचा संघ हा त्याचा संघ. तो निवडायचा नसतो आणि सोडायचा तर त्याहून नसतो. जिंकलं की हलगी, गुलाल, मिरवणूक. हरलं की दुसऱ्या पेठेतल्या मेव्हण्याकडे महिनाभर जेवायला जायचं नाही. काका अशा एका तालमीचे राइट विंगर होते. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि धातुशास्त्र शिकायला ते थेट सोव्हिएत देशात, युक्रेनमधल्या एका कारखान्यांच्या गावी जाऊन पडले. तिथेही कारखान्याच्या मैदानावर पाच हिवाळे खेळले. मग अमेरिका, शिकागोच्या बाजूचा पोलादाचा कारखाना, नोकरी, मुली, त्यांची लग्नं, निवृत्ती.

निवृत्त झाले आणि त्याच सुमारास त्यांना कळलं की त्या गावात एक नवा क्लब निघालाय. जुना कारखान्याचा संघ देश फुटल्यावर कधीच बंद पडला होता. मैदानावर बकऱ्या चरत होत्या म्हणे. आता एका सूर्यफूल तेलाच्या गिरणीने पैसे घातले, पोरं गोळा केली, रीतसर व्यावसायिक क्लब नोंदवला आणि सगळ्यात खालून सुरुवात केली. तिथे त्या पायरीला दुसरी लीग म्हणतात. तिच्यावर पहिली, आणि तिच्याही वर मोठी.

"म्हणजे तिसऱ्या दर्जाची टीम," मी एकदा म्हणालो.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "नागपूरकर, नवीन घर बांधताना तू आधी गच्ची घालतोस काय?"

त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटलेला होता. ज्या मैदानावर आपण घाम गाळला ती आपली पेठ. पेठ आता जागी झाली, तेव्हा आपण उभं राहायचं. ती नऊ हजार किलोमीटरवर आहे, ही गोष्ट त्यांना किरकोळ वाटायची.

त्या घरातले नियम मला हळूहळू कळत गेले. शुक्रवारी संध्याकाळी डायनिंग टेबलवर संघ मांडला जायचा. कांदे म्हणजे बचाव फळी, कारण ते जागचे हलत नाहीत. बटाटे मधली फळी. पुढे तीन लिंबं. गोलकीपर मात्र कायम एक मोठं वांगं, कारण खऱ्या गोलकीपरचं डोकं तसंच होतं असं काका सांगत. खेळाडूंची नावं लांबलचक, म्हणून सगळ्यांचं कोल्हापुरी बारसं झालेलं होतं. लांबड्या, गवळी, जावईबापू. जावईबापू म्हणजे गिरणीमालकाचा जावई, तो खरोखरच संघात होता आणि काकांच्या मते फुकटचा होता.

"जावईबापूला बसवा बाहेर," असं म्हणत ते एक लिंबू उचलून बाजूला ठेवायचे.

काकू ते लिंबू उचलायच्या. "बसवलं. वरणात पिळते."

माणसांनाही ते खेळाच्या जागा वाटून द्यायचे. थोरली मुलगी सेंटर हाफ, धाकटा जावई राखीव. काकू रेफ्री. मला बरेच दिवस जागा मिळाली नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, "तू चांगला आहेस रे, पण चेंडू आला की तू आधी बघतोस कुणी ओरडणार तर नाही ना. तसली माणसं मैदानात नाही ठेवत." ते हसत म्हणाले होते. मीही हसलो होतो.

आणि सगळ्यात विचित्र नियम म्हणजे सामना चालू असताना काका स्वतः बघायचे नाहीत. कोल्हापुरात एकदा ते जखमी होऊन कठड्यावर बसले होते आणि त्यांची नजर पडली की गोल खाल्ला जात होता. तेव्हापासून ठरलेलं. स्वतः खेळत असाल तर बघा, नाहीतर पाठ फिरवून बसा, दुसऱ्याने ओरडून सांगायचं. तालमीतही एक पोरगा झाडावर चढवलेला असे आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे असत.

नेपरव्हिलमध्ये झाडावरचा पोरगा मी झालो. त्या क्लबची एक साधी वेबसाइट होती. तिथला कुणीतरी माणूस सामना चालू असताना दर थोड्या वेळाने एक ओळ टाकायचा. कितवं मिनिट, काय झालं, आकडा काय. मला ती लिपी येत नव्हती, पण आपल्या संघाचं नाव आणि आकडे ओळखायला शिकलो. तिकडे संध्याकाळ असे तेव्हा इकडे शनिवारची सकाळ. मी बेसमेंटमध्ये कॉम्प्युटरसमोर, काका वर स्वयंपाकघरात फ्रिजकडे तोंड करून, आणि मध्ये जिना.

"काय करालीत पोरं?"

"शून्य-शून्य काका!"

"कोपऱ्यातनं खेळा म्हणावं!"

मी कुणाला म्हणणार होतो? पण मी "म्हणतो" असं सांगायचो.

एकदा मी विचारलं, की सामना संपल्यावर एकदम निकालच बघितला तर काय बिघडेल? नाहीतरी तुम्ही बघत नाही. त्यांनी आधी कुकरखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाले, "निकाल काय रे, पेपरातही मिळतो. खेळ चालू असताना आपला जीव खाली-वर व्हायला पाहिजे. तिकडं पोरगा पळतोय आणि इकडं आपल्याला धाप लागलीय. त्याला पेठ म्हणतात. नुसत्या निकालाला काय, नोटीस बोर्ड म्हणतात."

सामना संपला की काका गाडी काढून शिकागोला जायचे. तिथे युक्रेनी लोकांची एक जुनी वस्ती आहे. चर्चच्या मागे एक हॉल, तिथे शनिवारी म्हातारे जमायचे, चहा, बुद्धिबळ, वादावादी. सुरुवातीला काकांना तिथे कुणी उभं करत नव्हतं. एक तर हा सावळा माणूस कोण, आणि त्यात तो बोलतो रशियन! त्यातल्या काहींची अख्खी घरं सोव्हिएत राजवटीने उद्ध्वस्त केलेली. एका आजोबांनी तोंडावर सांगितलं, ही भाषा इथे नको. काका घरी आले आणि दोन दिवसांनी कॅसेटी आणून युक्रेनी शिकायला लागले. पासष्टीनंतर. सकाळी दाढी करताना आरशासमोर धडे चालायचे. काकू म्हणायच्या, "माझ्या माहेरचं कानडी चाळीस वर्षांत शिकले नाहीत. बघ."

पण ते शिकले. वर्षभराने हॉलमध्ये त्यांना हाक मारायला नाव मिळालं, 'कोल्हापूर'. आणि त्यांनी त्या म्हाताऱ्यांना, जे आजवर मोठमोठ्या नामांकित क्लबांवर वाद घालत होते, ह्या तिसऱ्या पायरीवरच्या तेलगिरणीच्या संघाच्या नादाला लावलं. लांबड्या, गवळी ही नावं तिथेही चालू झाली. काका घरी येऊन सांगायचे, "आज आजोबा स्वतः म्हणाले, जावईबापूला काढा! मराठीत म्हणाले!" त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते मी त्यांच्या मुली येत तेव्हासुद्धा बघितलं नाही.

आता तो शनिवार.

क्लब तिसऱ्या वर्षी भलताच खेळला. हंगामातला शेवटचा सामना जिंकला तर बढती, पहिल्या लीगमध्ये. काकूंनी आदल्या दिवशी रिकोटा आणि दूध पावडर आटवून पेढे केले. गणपतीचा उरलेला गुलाल गॅरेजमधून काढला. काका पहाटेपासून मोजे चढवून फ्रिजकडे तोंड करून उभे.

त्याच सकाळी मला पुण्याहून फोन यायचा होता. घरच्यांनी एक मुलगी सुचवली होती, फोटो बघून झाले होते, पहिल्यांदाच बोलणं होणार होतं. काकांना माहीत होतं. "हाफ टाइमला फोन कर म्हणावं," असं ते म्हणालेही होते. फोन आला तो दुसऱ्या हाफमध्ये. तेव्हा आपण एक-शून्यने पुढे होतो. मी ते ओरडून सांगितलेलं होतं, वर काकांनी फ्रिजवर थाप मारल्याचा आवाज मी ऐकला होता.

मुलगी छान बोलत होती. मी स्क्रीनकडे पाठ केली. किती वेळ गेला ते मला कळलं नाही, मला कळून घ्यायचंही नव्हतं. मध्येच वरून हाक आली, "संपली असणार की रे! काय झालं?" मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि मान न वळवता ओरडलो, "जिंकलो!"

वर एकच गलका झाला. काकूंचा आवाज, काकांची आरोळी, हलगीच्या ऐवजी परात. फोनवर तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, घरमालकांची टीम जिंकली." ती हसली. मला ते हसणं इतकं आवडलं की मी आणखी बोलत राहिलो.

फोन ठेवला आणि गॅरेजचं दार बंद झाल्याचं ऐकलं. मग मी स्क्रीनकडे वळलो आणि पान ताजं केलं. एक-दोन. शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाल्ले होते. खाली तिथल्या माणसाने एकच शब्द टाकला होता, तो मला वाचता आला नाही. कळायची गरजही नव्हती.

हॉलचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. काका मोबाइल वापरत नसत. शनिवारच्या रस्त्याने त्यांना तिथे पोचायला पाऊण तास तरी लागणार होता. मी जिना चढून वर गेलो, नंबरासमोर उभा राहिलो. फोन केला तर हॉलमधला कुणीतरी उचलेल, मला इंग्रजीत सांगावं लागेल की काका येताहेत, त्यांना दारातच थांबवा, चुकून मी सांगितलं... आणि मग विचारतील, चुकून म्हणजे कसं? मी उभा राहिलो, पाणी प्यालो, परत खाली आलो. तिथे कुणाला फारसं काही वाटणार नाही अशी मी माझी समजूत घातली. लोक हसतील आणि सोडून देतील.

पुढचं काकूंनी सांगितलं. काकांनी गाडीतच कपाळभर गुलाल फासला होता. हॉलच्या दारातून ते दोन्ही हात वर करून, ओरडत आत शिरले. मागे पेढ्यांचा डबा घेऊन काकू. आत सगळे मान खाली घालून बसलेले. कुणाच्या तरी भाचीने तिकडून फोन करून कळवलेलं होतं. ते आजोबा उठले आणि विचारलं, "तुला हे हसण्यासारखं वाटतं, कोल्हापूर?"

"ह्यांना काही कळेना," काकू म्हणाल्या. "आणि कळलं तेव्हा खिशातला रुमाल काढून तोंड पुसायला लागले. गुलाल तो, पुसून जातोय होय? आणखी पसरला. म्हणाले, माझीच चूक, मी चुकीचं वाचलं. मला गाडी चालवू दिली येताना. आयुष्यात पहिल्यांदा."

म्हणजे तिथेही त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

काका खाली आले तेव्हा गळ्याला अजून लाल होतं. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. रागावलेले नव्हते. "तुला काय दिसत होतं रे?" एवढंच विचारलं.

तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "काका, साइटवरच तसं होतं. एक-शून्य, संपलं, असं. नंतर बदललं त्यांनी."

त्यांचा चेहरा बघता बघता उजळला. "म्हणजे त्यांचीच चूक!" ते उठून उभे राहिले. "मग हे हॉलमध्ये सांगायला पाहिजेल! मी थट्टा केली नाही, मला चुकीचं कळलं!"

माझ्या खोट्याने त्यांना त्यांची जागा परत मिळणार होती. हे लक्षात आल्यावर मी निर्धास्त झालो. आपण खोटं बोललो ते काकांसाठीच, असं मी स्वतःला सांगून टाकलं. चार वर्षं सांगत होतो.

काकांनी त्याच दिवशी क्लबला तक्रारीची ई-मेल लिहिली. टाइप मीच केली, ते सांगतील ती अक्षरं शोधून शोधून. दोन दिवसांनी उत्तर आलं. साइट चालवणारा माणूस तिथल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा आणि हे काम हौसेने, फुकट करायचा. काकांनी उत्तर वाचून दाखवलं. तीनच ओळी होत्या. 'मला असं केल्याचं आठवत नाही. पण तुम्ही इतक्या दुरून खोटं कशाला सांगाल? चूक माझीच असणार, मला क्षमा करा.'

काका ते उत्तर घेऊन हॉलमध्ये गेले, सगळ्यांना वाचून दाखवलं. आजोबांनी त्यांना मिठी मारली. उरलेले पेढे संपले. सगळं पहिल्यासारखं झालं.

पहिल्यासारखं झालं नाही ते एकच. नवा हंगाम सुरू झाला त्या शनिवारी मी पान उघडलं तर चालू सामन्याच्या ओळी नव्हत्या. एक सूचना होती, काकांना खाली बोलावून वाचून घेतली. चुकीची माहिती जाऊ नये म्हणून यापुढे फक्त अंतिम निकाल देण्यात येईल, खात्री करून.

"शिस्त लागली बघ आपल्यामुळं," काका म्हणाले.

आणि वर गेले. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी ते फ्रिजकडे तोंड करून उभे राहिले नाहीत. उभं राहून करणार काय? ते अंगणात जायचे, टोमॅटोंना पाणी घालायचे, बर्फ असेल तर बर्फ ओढायचे, परत परत घड्याळ बघायचे. संध्याकाळी मी निकाल सांगायचो. ते "बरं" म्हणायचे. जिंकले तरी "बरं." त्यांच्या पेठेचा नोटीस बोर्ड झाला होता आणि तो मी केला होता.

त्या मुलीशी माझं लग्न झालं. बायकोला मी हे सगळं पहिल्याच वर्षी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपलं लग्न त्या बिचाऱ्या मास्तरांच्या डोक्यावर उभं आहे." मग म्हणाली, "काकांना सांगून टाक ना." मी म्हणालो, सांगतो. आम्ही अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, बॉथेलला आलो, नवी नोकरी, मुलगी झाली. काकांना दर पंधरवड्याला फोन करायचो. क्लब पहिल्या लीगमध्ये गेला ते फोनवर कळलं. गिरणीने नवं स्टँड बांधलं, जावईबापू निवृत्त होऊन व्यवस्थापक झाले, तेही कळलं. प्रत्येक फोन ठेवताना वाटायचं, आज सांगायला हवं होतं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात काकांचाच फोन आला. "नागपूरकर, ये. शेवटची मॅच आहे, जिंकलो की मोठ्या लीगमध्ये. हॉलमध्ये सॅटेलाइटवर दाखवणारेत. मला कुणीतरी ओरडून सांगायला पाहिजेल."

मी गेलो. हॉल भरलेला. सगळे मोठ्या टीव्हीकडे तोंड करून आणि त्यांच्या मध्ये एकटे काका भिंतीकडे तोंड करून, मोजे गुडघ्यापर्यंत. मी त्यांच्या पाठीशी उभा राहून मराठीत सगळं सांगत होतो. वांग्याने एक चेंडू अडवला, गवळीने दुसरा गोल घातला. त्यांचे खांदे वर-खाली होत होते, श्वास लागला होता. इतक्या वर्षांनी. सामना संपला तेव्हा मी तीन वेळा स्क्रीन बघून खात्री केली आणि मग बोललो. काकांनी भिंतीवर डोकं टेकलं आणि तसेच राहिले.

नंतर व्होडका निघाली. आजोबा, आता व्हीलचेअरवर, मला जवळ बोलावून नव्या लोकांना सांगायला लागले, हाच तो मुलगा, ज्याला त्या वेबसाइटवाल्याने फसवलं! सगळे हसले. मला कळलं की त्या हॉलमध्ये तो शब्दच झाला होता. बुद्धिबळात कुणी चूक केली, चहात मीठ पडलं, की म्हणायचं, 'अरे वेबसाइटवाल्या!' काकांनी तर त्या मास्तरांची नक्कल करून दाखवली. हात जोडून, खाली मान घालून, 'मला आठवत नाही, पण चूक माझीच असणार!' हॉल हसून हसून लोळला. काकाही हसत होते. ते दुष्टपणाने हसत नव्हते. त्यांना माहीतच नव्हतं ते कुणाला हसताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात काकू पोहे परतत होत्या आणि काका टेबलवर नव्या लीगसाठी कांदे मांडत होते. मी सांगितलं. फोन, स्क्रीनकडे केलेली पाठ, फ्रिजवरचा नंबर, जिन्यावरचं खोटं. सगळं.

काकूंनी गॅस बंद केला.

काकांच्या हातात कांदा होता, तो त्यांनी ठेवला नाही. "म्हणजे त्यानं आकडा बरोबर टाकला होता."

"हो."

"आणि न केलेल्या गोष्टीची माफी मागितली."

"हो, काका."

"आणि मी त्याची नक्कल करत फिरलो. काल पण केली."

ते उठून मागच्या दाराने अंगणात गेले. मी उठायला लागलो तर काकू म्हणाल्या, "बस. लगेच मागे जाऊ नकोस. रेफ्री सांगतेय." त्यांनी माझ्यापुढे पोहे ठेवले नाहीत. मला ते योग्यच वाटलं.

थोड्या वेळाने मी बाहेर गेलो. काका नळी हातात धरून उभे होते, पाणी चालू केलेलं नव्हतं. मी म्हणालो, "काका, मला माफ करा."

"माझं काय," ते म्हणाले, "माझ्या तोंडाला गुलाल लागला, तो दोन दिवसांत गेला. पेढे खाल्ले, मिठ्या मारल्या. मला तर तुझ्या खोट्यानं फायदाच झाला." आवाज कठोर होता, मी तसा कधी ऐकला नव्हता. "तो मास्तर अजून आहे तिथं. शाळेत शिकवतो. चार वर्षं झाली, तो स्वतःच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. जा, कॉम्प्युटर लाव."

आम्ही दोघं बेसमेंटमध्ये बसलो. मी आधी मराठीत लिहायचं, मग काका ते तिकडच्या भाषेत टाइप करणार, असं ठरलं. मी लिहिलं की मी तेव्हा तरुण होतो, घरापासून दूर होतो, त्या सकाळी एक महत्त्वाचा फोन आला होता, त्यातून माझं लग्न ठरलं, आणि काकांना वाईट वाटू नये म्हणून...

काकांनी चष्मा लावून वाचलं. "हे कुणासाठी लिहिलंयस?"

"त्यांना कळायला नको का, कसं झालं ते?"

"तुझं लग्न त्याला कशाला कळायला पाहिजे? पत्रिका पाठवालास काय? त्यानं तीन ओळींत मागितली होती, काहीही केलेलं नसताना."

मी फोन खोडला. लग्न खोडलं. घरापासून दूर, तेही. 'काकांना वाईट वाटू नये म्हणून' ह्यावर माझं बोट अडकलं. मी तेही खोडलं. उरलं ते काकांनी सावकाश, एकेक अक्षर दाबत उतरवलं, वाचून दाखवलं, खाली माझं नाव घातलं आणि माऊस माझ्याकडे सरकवला.

"सर, चार वर्षांपूर्वी त्या सामन्यात तुम्ही आकडा बरोबर टाकला होता. मी तो बघितलाच नव्हता, आणि विचारलं तेव्हा तुमच्यावर ढकललं. चूक तुमची नव्हती, माझी होती. मला क्षमा करा."

मी पाठवलं.